नदीतून परत आणलेला कागद

१

डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला आमच्या खोऱ्यातली सगळी घरं काही तास उघडी पडतात. नवं वर्ष यायच्या आत सरकत्या दारांच्या लाकडी जाळीवरचा जुना कागद काढायचा आणि नवा चिकटवायचा, हा इथला नेम. त्या दिवशी पोरांना मोकळीक असते. जुन्या कागदात हवी तेवढी बोटं खुपसा, कोणी ओरडत नाही. आमच्या घरात आता पोर एकच, माझ्या भावाची मुलगी नाझुना, वय सात. तिनं सकाळीच आठ दारांची चाळण केली होती आणि आता शेजारी जाऊ का म्हणून भुणभुण लावली होती.

मी तांदळाच्या पिठाची खळ शिजवत होते. शेजारच्या तोमेकाकू मुळे द्यायला आल्या आणि पातेल्यात डोकावल्या.

“सात वर्षं परदेशात कागद शिकलीस, तामाकी, आणि खळीत गुठळ्या?”

“तिकडं खळ यंत्र करतं, काकू.”

“मग त्या यंत्राशीच लग्न करून यायचं. आयतं घरात आलं असतं.”

सात्सुकीवहिनी तोंडावर हात धरून हसली. ऑक्टोबरात त्यांचे यजमान ग्योझोकाका गेले, त्यानंतर तोमेकाकूंनी थट्टा केली ती आज पहिल्यांदा. त्यांना आणखी बोलता यावं म्हणून मी गुठळ्या तशाच राहू दिल्या.

जाताना मी त्यांना कागदाची गुंडाळी दिली. यंदा गावातल्या अकराही घरांना दारांचा कागद मीच दिला होता, फुकट. त्यांनी एक ताव उजेडात धरला. कागद अगदी पांढरा नव्हता, किंचित राखी होता.

“पहाट व्हायच्या आधीचं आभाळ असतं तसा आहे,” त्या म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

दुपारपर्यंत दारं लागली. कागदावर पाण्याचा फवारा मारला की तो वाळताना ताणला जातो आणि टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. मी खोल्याखोल्यांतून टिचक्या मारत फिरले. शेवटी नाझुनाच्या खोलीत आले. ही उत्तरेकडची खोली, तिच्या दारांबाहेर बंद पडवी, आणि पडवीच्या पलीकडे बर्फ. तिथं मी टिचकी मारायला बोट उचललं आणि तसंच धरून उभी राहिले.

कागद आत आला. मग बाहेर गेला. अगदी थोडा, नखाच्या जाडीइतका. असं तीनदा झालं. मग तो थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा तीनदा हलला.

वाळतोय अजून, असं मी मनाशी म्हटलं आणि खळीचं पातेलं घासायला गेले.

२

कागद करणाऱ्याची पोर कागद शिकायला एका बर्फातून दुसऱ्या बर्फात गेली, असं गाव हसायचं. मी फिनलंडमध्ये होते. परत आले ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन: हे खोरं मरू द्यायचं नाही.

आमच्याकडे वर्ष सणांनी पुढं सरकतं आणि सण कागदानं होतात. मार्चमध्ये मुलींच्या कागदी बाहुल्या, मे महिन्यात मुलांचे उडते मासे, जूनच्या शेवटी गवताच्या कड्यातून जाणं, जुलैत बांबूवर इच्छांच्या पट्ट्या, ऑगस्टमध्ये पितरांचे कंदील. मी परत आले तेव्हा यातले निम्मे बंद पडले होते. मुलं नाहीत म्हणून मासे नाहीत. खांदे नाहीत म्हणून पालखी नाही. मी घरोघरी फिरले, शहरात गेलेल्यांना पत्रं लिहिली, आणि एका वर्षात सगळे सण उभे केले. जूनच्या सणाला बाहेरगावची धरून त्रेपन्न माणसं आली. त्या दिवशी मी देवळामागं जाऊन रडले.

जूनचा नेम असा. कागदाची माणसाच्या आकाराची कापटी घ्यायची. तिच्यावर आपलं नाव आणि वय लिहायचं. दुखत असेल तिथं ती अंगावरून फिरवायची, तिच्यावर तीनदा श्वास सोडायचा, आणि मग पुजाऱ्याच्या हातून ती नदीत. सहा महिन्यांचं दुखणं, पाप, कुढणं, सगळं तिच्याबरोबर जातं. मार्चच्या बाहुल्यांचंही तसंच.

पण नदीत कागद सोडणं म्हणजे कचराच, हे मला सहन होईना. खालच्या बांधाजवळ मी जाळं लावलं. वर्षभर नदीत सोडलेलं सगळं मी परत गोळा केलं. मार्चच्या बाहुल्या, जूनची माणसं, जुलैच्या पट्ट्या. गावाला मी समजावून सांगितलं, गावानं मान डोलावली. तालुक्याच्या वर्तमानपत्रात जाळ्यासकट माझा फोटो आला.

बाबा तेवढे म्हणाले, “परत आणलेलं ठेवणार कुठं?”

“ठेवायचं नाही, वापरायचं. पुन्हा लगदा करून कागद काढायचा. काहीच वाया जाणार नाही.”

त्यांनी पुढं वाद घातला नाही. पण नोव्हेंबरमध्ये मी हौदात लगदा कालवला तेव्हा, पंचावन्न वर्षं कागद काढणारा हा माणूस कारखान्याच्या दारातच उभा राहिला.

“तू काढ,” ते म्हणाले. “माझे हात कापतात.”

बाबांचे हात कापत नाहीत.

३

कागद ओलाव्यानं हलतो. हे मी कुणालाही शिकवू शकते. लाकडाचा शेगडा पेटला की हवा कोरडी होते, कागद आखडतो. शेगडा विझला की सैलावतो. पण आखडायला आणि सैलावायला तास लागतात, क्षण नाही.

एक जानेवारीला घरचे सगळे देवळात गेले. शेगड्याजवळ कुणीतरी असावं म्हणून मी मागं राहिले. सकाळचे दहा वाजले होते, बाहेर बर्फावर ऊन होतं. मी पडवीच्या फटींत कापड कोंबलं, शेगडा विझवला आणि नाझुनाच्या खोलीत उदबत्ती लावून बसले. धूर सरळ वर जात होता, लोकरीच्या धाग्यासारखा. खोलीत वारा नव्हता.

कागद आत आला, बाहेर गेला. सगळे चौकोन एकदम. दर वेळी जाळीचं लाकूड किंचित कुरकुरायचं. तीनदा. मग शांतता. मी घड्याळावर मोजलं, चार सेकंद. पुन्हा तीनदा.

मी फोनवर चित्रण केलं. नंतर पाहिलं तर त्यात दारं स्वस्थ होती. त्यानं मला आधी धीर आला. मग लक्षात आलं की कुरकुर मात्र ऐकू येत होती.

४

नाझुनाला पूर्वी दमा होता. गेल्या जूनमध्ये वहिनीनं कागदी माणूस तिच्या छातीवरून तीन वेळा फिरवला आणि त्यानंतर तिला धाप लागली नाही. डॉक्टरांनी औषधही त्याच महिन्यात बदललं होतं, हे मीच सगळ्यांना आवर्जून सांगायचे.

सात जानेवारीला सात रानभाज्यांची पेज असते. त्यातल्या एका भाजीचं नाव नाझुना, म्हणून दरवर्षी घरात तोच विनोद होतो.

“आज आम्ही तुला खाणार,” बाबा वाडगा पुढं ओढत म्हणाले.

“मग उद्या आजोबांना खोकला होणार,” ती म्हणाली.

सगळे हसले. ती हसली नाही. चमचा तोंडाजवळ धरून ती तशीच थांबली होती, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी. मग तिची छाती हलली. मी नकळत मोजू लागले. एक, दोन, तीन. थांबली. माझ्या वाडग्यातली पेज निवत होती.

“नाझुना, श्वास घे.”

“घेते ना. ते थांबलं की मी थांबते.” तिनं आपल्या खोलीकडं मान केली. “नाहीतर एकत्र होत नाही.”

वहिनीनं चमचा खाली ठेवला. “काय एकत्र होत नाही?”

“सगळ्यांचं,” नाझुना म्हणाली, जणू तिला शाळेतली कवायत विचारली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ तिला तालुक्याला घेऊन गेला. फुप्फुसं स्वच्छ होती. मुलांना अशा सवयी लागतात, लक्ष देऊ नका, असं सांगून डॉक्टरांनी परत पाठवलं. आम्ही तिला माझ्या खोलीत झोपवलं. माझ्या खोलीची दारंही त्याच कागदाची होती. नवव्या तारखेला तिच्या दोन खेपांमधला थांबा सात सेकंदांचा झाला. अकराव्या तारखेला अकरा. त्या अकरा सेकंदांत तिचे ओठ रंग बदलायचे. वहिनी तिला हलवून जागी करायची आणि माझ्याकडं बघायची नाही.

५

बारा तारखेला सकाळी बर्फावरून परतलेला उन्हाचा उजेड उत्तरेच्या खोलीतही आला. मी कागदाजवळ डोळा नेला. लगदा नीट कुटला गेला असेल तर शाई सगळीकडं सारखी पसरते. मी तो स्वतः कुटला होता, कागद एकसारखा राखी निघाला होता. आता तो एकसारखा नव्हता. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध तळव्याएवढा काळसर डाग जमला होता. मी बोट लावलं. डाग ओला होता. थंडीत काचेवर तोंड नेलं की काच जशी होते, तसा. आणि कोमट.

बाबा दारात उभे होते. किती वेळ, ते माहीत नाही.

“सांगायचं होतंत मला,” मी म्हणाले. “नोव्हेंबरमध्येच.”

“काय सांगणार होतो? मला तरी कुठं माहीत होतं? नदीला दिलेलं कुणी परत आणलंच नव्हतं आजवर.”

“तीन दिवसांनी पंधरा तारीख आहे. नववर्षाची सगळी हार-तोरणं जाळायचीच आहेत. त्या होळीत हेही टाकू.”

बाबांनी पहिल्यांदा आवाज चढवला. “त्याच्यावर नावं होती, तामा. आपल्या माणसांची. तुझं होतं, माझं होतं. नाझुनाचं होतं. ते आगीत टाकणार?”

आतल्या खोलीतून वहिनीचा आवाज येत होता. ती मोजत होती.

“एका हौदातलं आहे सगळं,” बाबा म्हणाले. “आपली दारं काढून भागायचं नाही.”

६

ते कोणी माझ्यासाठी करणार नव्हतं. मी घरोघरी गेले. दोन आठवड्यांपूर्वी मी याच उंबरठ्यांवर वाकून कागद दिला होता, आता वाकून परत मागत होते. ऐन जानेवारीत दारांचा कागद काढा, असं. मला वाटलं होतं लोक हसतील किंवा चिडतील. कोणी कारण विचारलं नाही. बहुतेकांनी मी तोंड उघडायच्या आत चौकट खोबणीतून उचलून माझ्या हातात दिली.

देवळाजवळ राहणारे म्हातारे सेनगोकू तेवढे बोलले. “गेल्या वर्षी माझी पाठ दुखत होती, ती नदीत सोडली. या नववर्षाला ती परत घरी आली. पोरी, पाहुणे बोलवायच्या आधी विचारत जा.”

तेरा तारखेला सकाळी मी बांधाजवळचं जाळं काढलं आणि दुपारी दहा घरांच्या चौकटी आम्ही नदीत ठेवल्या. नेहमी कागद भिजला की सुटतो आणि चिंधड्या होऊन जातो. हा कागद अख्खा सुटला. एकेक ताव चौकटीवरून उठला, पाण्यावर पसरला आणि खाली निघाला. आवाज नव्हता. आम्ही कोणी मागं वळून पाहिलं नाही, तसा नेमच आहे. पण घराची वाट नदीकाठानं खालीच जाते, त्यामुळे बांधाजवळचं वळण येईपर्यंत ते नजरेसमोरच होते, आणि तोवर एकही ताव बुडाला नव्हता.

घरी आलो. उघड्या जाळ्यांतून खोल्यांत थंडी शिरली होती आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं घर दिसत होतं. नाझुना चार पांघरुणांखाली होती. एक, दोन, तीन. थांबा. अकरा सेकंद. वाढला नव्हता. गेलाही नव्हता.

“कोण राहिलं?” वहिनीनं विचारलं.

राहिलेलं घर कोणतं ते दोघींनाही माहीत होतं. मी दोनदा जाऊन आले होते आणि तोमेकाकूंनी दार उघडलं नव्हतं.

७

तिसऱ्यांदा गेले ती चौदा तारखेला सकाळी, हातात पाण्याची बादली आणि रुंद कुंचला घेऊन. यावेळी दार लोटलेलं नव्हतं.

तोमेकाकू आतल्या खोलीत पांघरूण घातलेल्या गरम मेजाशी बसल्या होत्या. मेजावर दोन पेले. दोन्हींतून वाफ. त्यांचं तोंड दाराच्या कागदाकडं होतं. मी आल्याचं त्यांना कळलं होतं, पण त्या लगेच बोलल्या नाहीत. कागद आत आला, बाहेर गेला, तीनदा, आणि मगच त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“बस. खळ कशी आहे आता? गुठळ्या गेल्या?”

“काकू, नाझुना…”

“माहितेय. सेनगोकू सांगून गेला.” त्यांनी एक पेला माझ्याकडं सरकवला, दुसरा तसाच राहू दिला. “हे दवाखान्यात होते ना, तेव्हा शेवटी मी मोजत बसले होते. एक, दोन, तीन. मग चौथ्याची वाट बघत राहिले. परिचारिका येऊन म्हणाली, बाई, उठा आता. तोवर मी वाटच बघत होते.” त्यांनी दाराकडं हनुवटी केली. “आता येतो. उशिरा येतो, पण येतो.”

त्या खोलीत कोण काय शिकून आलं होतं याला काही अर्थ नव्हता. मी म्हटलं, “ते फक्त काका नाहीत, काकू. सगळे आहेत. त्यात एक सात वर्षांची मुलगी आहे, आणि ती जिवंत आहे.”

काकूंनी आणखी तीन श्वास होऊ दिले. मग त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. “मी आत जाते. हातातलं काम आटप.”

मी कुंचला बुडवला आणि वरच्या चौकोनापासून कागद भिजवायला घेतला. भिजला की कागद पातळ होतो, जवळजवळ पारदर्शक, आणि पलीकडं जे असेल त्याला चिकटतो. पलीकडं पडवी होती, रिकामी. मी येताना तिथूनच आले होते.

वरचा चौकोन आत ओढला गेला. मधोमध, गोल, तोंड उघडावं तसा. मग त्याच्याशेजारचा. मग खालचा. सगळ्या दारावर, ओल्या कागदाखाली, एकेक तोंड उघडून हवा घेत होतं. मोठी, पोपडे धरलेल्या ओठांची. दात नसलेली. अगदी खालच्या रांगेत एक लहान होतं, समोरचा एक दात पडलेलं.

नाझुनाचा समोरचा दात जूनमध्येच पडला होता.

मी डोळे मिटले आणि हातानं सगळा कागद खाली ओढला. तो माझ्या मनगटांभोवती कोमट आणि जड होऊन बसला. तसाच बादलीत कोंबून मी नदीपर्यंत पळत गेले. पाण्यात हात सोडले. तो लगेच गेला नाही. मग गेला.

कागद ओढताना खोबणीतून निसटलेल्या रिकाम्या चौकटी परत लावायला आले तेव्हा तोमेकाकू आतून बाहेर आल्या होत्या आणि उरलेला चहा ओतून टाकत होत्या. कोपऱ्यातल्या चौकटीवर हात फिरवताना मला दिसलं, सर्वांत खालच्या एका चौकोनाच्या कडांना कोरडा कागद राहिला होता. मधला फाटला नव्हता. तो धारदार पात्यानं, सरळ कडांनी कापून घेतलेला होता. काकूंचा डावा हात किमोनोच्या गळ्याशी होता, आत काहीतरी सांभाळत असल्यासारखा.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चौकट खोबणीत बसवली आणि घरी आले.

८

त्या दुपारी नाझुना चार श्वास घेऊन पाचवा घेताना शिंकली. वहिनी इतकी रडली की नाझुनाच घाबरली. संध्याकाळी ती दोन वाडगे भात जेवली. पंधराव्या तारखेला तिनं होळीच्या निखाऱ्यावर तांदळाचे गोळे भाजले आणि सगळ्यांत करपलेला मला दिला.

दारांना आम्ही दुकानातला कागद लावला आहे. पांढरा आहे, निर्जीव आहे, डफासारखा वाजतो. बाबा पुन्हा हौदाशी उभे राहतात. यंदा मार्चमध्ये बाहुल्या नदीत सोडल्या की त्या जातील तिथं जातील. हे मी गावाला सांगितलं तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि तेच बरं झालं. सणांवरचा माझा विश्वास गेलेला नाही. उलट आता तो पहिल्यापेक्षा पक्का आहे, फक्त त्यात आनंद कमी आहे.

तोमेकाकू बऱ्या आहेत. तब्येत सुधारली आहे, असं सगळे म्हणतात. परवा त्यांनी मला यंत्राशी न केलेल्या लग्नाबद्दल पुन्हा छेडलं. बोलताना त्या मध्येच थांबतात, थोडंसंच, आणि हात गळ्याशी जातो. एवढासा चौकोन. त्यात कितीसं असणार. त्यांच्याकडून तोही काढून घ्यायचा?

शाळेतून आली की नाझुना गरम मेजात पाय घालून गृहपाठ करता करता झोपते. मी शेजारी बसते. एक, दोन, तीन. मग मी थांबते. आजवर रोज चौथा आला आहे.

काल जरा उशिरा आला.

आज सकाळी मी तोमेकाकूंच्या दारापर्यंतचा बर्फ काढून वाट मोकळी केली आहे. फावडं अजून त्यांच्या भिंतीला टेकवलेलं आहे. दार वाजवलेलं नाही.